एक पाना सोडायला, एक आवळायला

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यात काम करणाऱ्या एका पशुवैद्यक ताईंनी लिहिलं आहे. वजन ५८ किलो, वाड्या-वस्त्यांवर जायला स्वतःची होंडा अमेझ. जुलैतल्या एका संध्याकाळी घाटाच्या पायथ्याशी मागचं चाक बसलं. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, गाडीबरोबर आलेला एल आकाराचा पाना होता आणि चाक कसं बदलतात तेही त्यांना येत होतं. पण चारपैकी एक नट हलेल तर शपथ. पान्यावर उभं राहून पाहिलं, तरी नाही. शेवटी दुधाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरने पान्याला पाइप लावून नट सोडले आणि त्याच पाइपने परत आवळून दिले. आता घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो, बॅटरीवरची इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके मारत नट फिरवणारं यंत्र, घे. सासरे म्हणतात, दोन फुटी पाइप टाक डिकीत, फुकटात काम. दिराचा कौल चौफुली पान्याला, आणि टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोराइतकाच आवळणारा मोजमापाचा पाना, हे त्याच्या मते शोरूमवाल्यांचे चोचले. ताई विचारतात: ‘मुळात हे बाईच्या ताकदीचं काम आहे का? सोडणं आणि आवळणं दोन्ही करील असं एकच हत्यार कोणतं घेऊ? पाच हजारांपर्यंत खर्च करीन. शिवाय आमचा पंक्चरवाला नटांना ऑइल लावतो, ते बरोबर की चूक?’

नमस्कार ताई,

ताकदीचा मुद्दा आधी मिटवू, कारण तो चर्चेचा नाही, गणिताचा आहे. गाडीबरोबर येणारा एल पाना साधारण २५ सेंटिमीटर लांब असतो. तुम्ही त्याच्या टोकावर उभ्या राहिलात तेव्हा नटावर ५८ गुणिले ९.८ गुणिले ०.२५, म्हणजे १४० न्यूटन मीटरच्या (हे पिळाचं माप) आसपास पीळ पडला. तुमच्या गाडीच्या हँडबुकात चाकाचे नट किती आवळायचे ते छापलेलं आहे: १०८ न्यूटन मीटर. म्हणजे कंपनीने सांगितलं त्याहून तीसेक टक्के जास्त जोर तुम्ही लावला होता, आणि तरी नट हलला नाही. पावसापाण्याने, गंजाने नट थोडे अडतात हे मान्य. पण चारच्या चार अडून बसले होते. तुम्हीच पत्रात ओझरतं लिहिलंय की दीड महिना आधी टायर रोटेशन, म्हणजे चाकांची अदलाबदल, करून घेतलं होतं. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट लावतात. अर्धा इंची हवेच्या गनची ताकद सहज ५०० न्यूटन मीटरच्या पुढे जाते आणि गिऱ्हाइकांची रांग लागलेली असली की पोरगा ट्रिगर दाबून धरतो. दाबून धरलेल्या त्या दोन-तीन सेकंदांत नट कुठवर गेला हे त्यालाही माहीत नसतं.

तेव्हा हे बाईच्या ताकदीचं काम आहेच. ८० किलोचा गडी असता तरी त्या पान्यावर उभा राहून त्याचे १९६ न्यूटन मीटरच झाले असते. नट त्याच्याही वर आवळलेला असता, तर तोही टेम्पोची वाट बघत बसला असता. तुमचे सासरे, दीर, नवरा तिघंही ‘जोर कसा वाढवायचा’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देताहेत. ते चूक नाही, पण ते दुसऱ्या नंबरचं उत्तर आहे. नट इतका आवळला गेलाच का, हे आधी बघायला हवं. आणि टेम्पोवाल्याने त्याच पाइपने परत आवळून दिलंय, तेव्हा आज या घटकेला तुमच्या गाडीला तोच आजार पुन्हा आहे.

आता दुसरी समजूत. ती जवळजवळ प्रत्येकाची असते: जितका घट्ट तितका सुरक्षित. चाक नटांवर लटकलेलं नसतं. नट आवळला की स्टड, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या हबमधला नटाचा आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो, अगदी रबरासारखा नव्हे पण ताणला जातो, आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. चाक आणि हब यांच्यातल्या त्या घट्ट दाबामुळे होणारं घर्षण गाडीचा भार, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका सगळं पेलतं. ताण कमी पडला तर चाक हबवर सूक्ष्म सरकत राहतं, स्टडला प्रत्येक फेऱ्यात वाकण्याचा मार बसतो आणि तो एके दिवशी तुटतो. ताण जास्त झाला तर स्टड मूळ लांबीवर परत येत नाही, आटे ओढले जातात, ॲलॉयचं, म्हणजे हलक्या मिश्रधातूचं चाक असेल तर नटाची बैठक, म्हणजे नट चाकाला टेकतो ती जागा, चेपते आणि ब्रेकची डिस्क वाकडी-तिकडी दाबली गेल्याने ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरायला लागतं. अशा थरथरीसाठी लोक डिस्क बदलतात, पॅड बदलतात, आणि नवीन डिस्क लावल्यावर चाक पुन्हा गननेच करकचून आवळतात. तुमच्या धंद्यात डोस जनावराचं वजन बघून ठरतो, जास्त दिला म्हणून जनावर जास्त बरं होत नाही. इथेही १०८ म्हणजे १०८.

म्हणून ‘दोन्ही करील असं एकच हत्यार’ हा हट्ट सोडा असं मी म्हणेन. सोडताना आपल्याला गरजेपेक्षा जास्त जोर हाताशी हवा असतो, मोजमापाची गरज नसते. आवळताना मोजमाप हवं असतं आणि जास्तीचा जोर हाताशी असणं हाच धोका. एकाच लांब दांड्याने दोन्ही करायला गेलं की आवळताना हात जड पडतोच. टेम्पोवाल्याचं तेच झालं, बिचाऱ्याचा हेतू उत्तम होता.

घरातल्या तिघांचं एकेक बघू. पाइपवर माझा राग नाही. रस्त्यात अडकलेल्या माणसाला त्याने अनेकदा घरी पोचवलंय. पण गाडीबरोबरचा पाना ज्या कामासाठी बनवला आहे त्याच्या दुप्पट पीळ आपण त्याला देतो. त्याचं तोंड फाकतं, मग ते नटावर सैल बसतं, आणि सैल बसलेलं तोंड नटाचे कोपरे मारतं. नट एकदा गोल झाला की मग छिन्नी-हातोडीचा खेळ. दुसरं असं की पाइप एल पान्यावर नुसता सरकवलेला असतो. घसरला तर गुडघा नाहीतर मनगट जातं. जास्तीची लांबी हवीच आहे, पण ती अशा जुगाडातून नको.

दिराचा चौफुली पाना, ज्याला काही जण प्लस पाना म्हणतात, तो चांगला पाना आहे. त्याला चार तोंडं असतात, बहुधा १७, १९, २१ आणि २३ मिलिमीटर. दोन्ही हातांनी धरता येतो, एक हात वर ओढतो आणि दुसरा खाली दाबतो, त्यामुळे पाना नटावरून तिरका होत नाही. नट सैल झाल्यावर गरागरा फिरवून काढायला याच्यासारखं काही नाही. पण भुजा नटापासून फारतर पाऊण हात. करकचून बसलेल्या नटाला त्याने तुमचे १४० चे १८० वगैरे होतील, त्यापुढे नाही. आणि डिकीत तो काटेरी प्राणी कुठेही ठेवा, पिशव्या फाडतो. नट योग्य आवळलेले असतील तर चौफुली पाना पुरेसा आहे, आणि तसे असतील तर गाडीचा एल पानाही पुरेसा आहे. बाजारात लांब-आखूड होणारा टेलिस्कोपिक पानाही मिळतो, एका बाजूला १७-१९ आणि दुसऱ्या बाजूला २१-२३. जागा कमी असेल तर तो चालेल. त्याच्या सांध्यात खेळ असतो, म्हणून फार अडलेल्या नटावर मी तो वापरणार नाही.

नवऱ्याच्या इम्पॅक्ट गनबद्दल जरा सविस्तर, कारण हल्ली प्रत्येक ऑनलाइन दुकानात ती समोर येते. १८-२० व्होल्टची बऱ्यापैकी गन नट सोडायला अप्रतिम असते. ती पीळ सलग लावत नाही, मिनिटाला हजारो छोटे ठोके मारते, त्यामुळे गंजलेला नट दांड्यापेक्षा लवकर सुटतो आणि हाताला झटका बसत नाही. घरी वर्षातून दोन-तीनदा स्वतः टायर रोटेशन करणाऱ्याने जरूर घ्यावी. पण तुमची गरज वर्षातून कधीतरी एकदा, रात्री, पावसात, आडरानात आहे. त्या दिवशी बॅटरी चार्ज असेलच याची खात्री काय? शिवाय लिथियमची बॅटरी बंद गाडीत, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात महिनोन्‌महिने ठेवणं बॅटरीलाही बरं नाही आणि गाडीलाही नाही. गनवर छापलेला ताकदीचा आकडा आवळताना कामाचा नाही, कारण बॅटरी किती भरली आहे, मध्ये एक्स्टेन्शन आहे का, सॉकेट, म्हणजे नटावर बसणारी गोटी, किती सैल आहे यावर तो बदलतो. तिने नट अलगद लावून घ्यायचा आणि शेवटचं आवळणं हाताने. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या गन स्वस्तात मिळतात. त्या नेमक्या तुमच्यासारख्या प्रसंगी हात टेकतात.

मग घ्यायचं काय? तीन वस्तू. पहिली, अर्धा इंची ब्रेकर बार, ५० ते ६० सेंटिमीटर लांब. मेकॅनिक लोक याला पॉवर हँडलही म्हणतात. एका दिशेलाच पकडणारा रॅचेट नको, साधा वाकणाऱ्या डोक्याचा दांडा हवा, कारण रॅचेटच्या आतल्या दातांना हा जोर झेपत नाही. दुसरी, १९ मिलिमीटरची खोल गोटी, सहा कोनी. बारा कोनी गोटी पटकन बसते पण नटाच्या कोपऱ्यांवरच जोर देते. सहा कोनी नटाच्या सपाट बाजूंना धरते. गोटी काळी, इम्पॅक्टवाली घेतलीत तर पुढेमागे गन आली तरी तीच वापरता येईल. चकचकीत क्रोमची गोटी गनवर तडकू शकते. घेण्याआधी गोटी चाकाच्या भोकात बसते का ते बघा, जाड भिंतीची गोटी काही ॲलॉयमध्ये शिरत नाही, शिरली तरी रंग खरवडते. तिसरी, अर्धा इंची क्लिक होणारा टॉर्क रेंच, साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरचा. १०८ हा आकडा त्याच्या पल्ल्याच्या मधोमध पडतो आणि असे रेंच मधल्या भागातच भरवशाचे असतात, अगदी तळाशी नाही.

हे तिन्ही मिळून पाच हजारांत बसतं. दांडा आणि गोटी दीड-दोन हजारांच्या आत, उरलेल्यात बरा टॉर्क रेंच. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या तपारियाच्या गोट्या आणि पाने कुठल्याही तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. हातात घेऊन बघायचं असेल तर पुण्याला बोहरी आळी किंवा कोल्हापूरला उद्यमनगरच्या बाजूला एक चक्कर टाका. ऑनलाइन टॉर्क रेंच घेताना त्याच्याबरोबर कॅलिब्रेशनचा, म्हणजे मोजमाप तपासल्याचा कागद आहे का ते बघा, आणि फरक किती टक्के तेही. चार टक्के चांगला समजायचा. म्हणजे १०८ ला रेंच १०४ किंवा ११२ वर वाजेल, आणि त्याने काही बिघडत नाही. एक मात्र सांभाळा: स्वस्त रेंचवर मोठ्या अक्षरात बरेचदा फूट-पाउंड असतात. तिथे १०८ लावलंत तर प्रत्यक्षात १४६ न्यूटन मीटर होतील. तुमच्या गाडीचे १०८ न्यूटन मीटर म्हणजे ८० फूट-पाउंड किंवा ११ किलोग्रॅम-मीटर (kgf·m).

टॉर्क रेंचने नट सोडायचा नाही. तो मोजायचं साधन आहे, त्याला पाइप लावायचा नाही, आपटायचा नाही. मुठीच्या मधोमध धरून सावकाश दाबायचा, ‘टक’ झालं की थांबायचं. दुसरी ‘टक’ खात्रीसाठी ऐकावीशी वाटते, सगळ्यांनाच वाटते. प्रत्येक वेळी नट थोडा पुढे जातो, तेव्हा नको. काम झालं की आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, म्हणजे आतली स्प्रिंग दाबलेली राहत नाही. ही वस्तू घरी कपाटात ठेवा. डिकीत सामानाखाली आपटत राहिली तर सहा महिन्यांत ती खोटं बोलायला लागेल.

आता सर्वांत महत्त्वाचं काम, येत्या सुट्टीच्या दिवशी करण्याचं. गाडी सपाट जागी उभी करा, चाकं जमिनीवरच, जॅक लागणार नाही. हँडब्रेक, पहिला गिअर. एका चाकाचा एक नट ब्रेकर बारने अर्धा फेरा सैल करा आणि लगेच टॉर्क रेंचने १०८ ला आवळा. मग समोरासमोरचा, मग उरलेले दोन. असं चारही चाकांचं. नुसता रेंच लावून ‘टक’ ऐकणं उपयोगाचं नाही, कारण नट आधीच २५० ला बसलेला असेल तरी रेंच १०८ ला टक करून मोकळा होणार. सोडूनच पुन्हा आवळावं लागतं. २५० ला बसलेला नट सोडायला ६० सेंटिमीटरच्या टोकाला ४२-४३ किलोचा भार पुरतो, म्हणजे तुम्ही नुसत्या रेललात तरी झालं. एखादा नट सैल केल्यावरही बोटांनी फिरत नसेल, पान्यानेच ओढत आणावा लागत असेल, तर आटे गेले आहेत किंवा स्टड ताणला गेला आहे. तो स्टड आणि नट दोन्ही बदलून घ्या. हे काम गॅरेजचं, आणि फार महागाचं नाही. त्यानंतर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा रेंच फिरवा.

एवढं केलंत की पुढच्या पंक्चरला गाडीतला आखूड पानाही चालतो. तरी डिकीत ब्रेकर बार आणि गोटी असू द्या, कारण मधल्या काळात कोणीतरी पुन्हा गन चालवणार. चाक काढायच्या आधी, गाडी उचलायच्या आधी नट पाव फेरा सैल करायचे हे तुम्हाला माहीत आहेच. दांडा आडवा, तुमच्या डाव्या हाताला राहील असा लावा आणि वरून खाली दाबा. नट सुटायच्या दिशेला वळतो आणि शरीराचं वजन कामाला येतं. उजव्या हाताला ठेवून वर ओढलं तरी दिशा तीच, पण मग पाठीवर येतं. झटके देऊ नका, उडी मारू नका. हात सरळ ठेवून हळूहळू भार टाकत जा. उचलण्याआधी दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगड लावा. नुसत्या गिअरवर विसंबू नका, कारण पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल त्याला मोकळं फिरू देतं आणि गिअरची पकड जाते. डिकीत दोन वितीची जाड फळी ठेवली तर पावसाळ्यात जॅक चिखलात रुतत नाही.

स्टेपनी चढवल्यावर मात्र मी तुम्हाला लांब दांडा बाजूला ठेवून तोच तुच्छ मानलेला एल पाना उचला असं सांगेन. नट आधी बोटांनी फिरवा, मग चाक हवेत असताना पान्याने बेताचे, समोरासमोरचे आळीपाळीने. गाडी खाली आली की आखूड पान्यावर शेवटचा जोर. २५ सेंटिमीटरवर १०८ न्यूटन मीटर म्हणजे ४४ किलोचा भार, तुमच्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश. म्हणजे पान्यावर हातांनी बऱ्यापैकी रेललात की नट हवा तिथे येतो. पाय द्यायचा नाही. साठच्या दांड्यावर तोच पीळ १८ किलोत येतो, आणि १८ किलोचा अंदाज अंधारात, घाईत कोणाचाच धड लागत नाही. घरी पोचल्यावर नट सैल करून टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या.

टायरच्या दुकानातही एक वाक्य बोलायची सवय लावा: ‘गनने नुसते लावून घ्या, शेवटचं हाताने आवळायचं.’ काही दुकानांत टॉर्क रेंच भिंतीवर शोभेला टांगलेला असतो; तो खाली काढायला सांगा. नसेल तर आपला घेऊन जा. पोरगा दात काढेल. काढू दे.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी चार गोष्टी. १९ मिलिमीटरची गोटी सगळ्यांना चालत नाही. मारुती आणि होंडाला बहुतेक १९, ह्युंदाई आणि टोयोटाला २१, फोक्सवॅगन-स्कोडाला १७, आणि तिथे नट नसून बोल्ट असतात. बोल्टच्या गाडीत चाक टेकवून ठेवायला स्टडच नसतो, एका हाताने चाक उचलून दुसऱ्याने भोक शोधावं लागतं. त्यासाठी बोल्टच्या जागी तात्पुरती बसणारी गाइड पिन मिळते, ती घेऊन ठेवा. त्या गाड्यांचा आकडा साधारणपणे १२० न्यूटन मीटर. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्या ८५ ते १२० मध्ये बसतात, पण अंदाज नको, हँडबुक उघडा. बाहेरून ॲलॉय बसवले असतील तर नटाची बैठक तपासा. होंडाचे मूळ नट गोल बैठकीचे असतात, बाजारातले ॲलॉय बहुधा शंकूच्या बैठकीचे. जुने नट नव्या चाकाला लावले तर कितीही अचूक आवळा, नट जेमतेम एका कडेवर टेकलेला असतो. चोरीविरोधी लॉक नट असतील तर त्याची चावी डिकीतच, पान्याजवळ. घरातल्या ड्रॉवरमध्ये तिचा काय उपयोग. आणि नवी गाडी घेतली असेल तर आधी डिकीची फळी उचलून बघा. २०२० मधल्या नियमबदलानंतर टायरच्या हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या काही गाड्यांना स्टेपनी बंधनकारक राहिलेली नाही. तिथे पाना आणि जॅकही नसतील.

आणि कुठलंही हत्यार हाताशी असलं तरी एक्स्प्रेसवेच्या कडेला, वाहत्या ट्रॅफिकला पाठ करून चाक बदलायला बसू नका. सपाट टायरवर हळू गाडी नेऊन रिम खराब झाली तरी परवडली. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लावा, मदतीची गाडी येते. माणसं मात्र गाडीत न बसता कठड्यापलीकडे उभी राहू देत.

राहिला ऑइलचा प्रश्न. तुमचा पंक्चरवाला चांगल्या मनाने चूक करतोय. नट आवळताना आपण जो पीळ देतो त्यातला ढोबळमानाने निम्मा नटाच्या बैठकीखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांतल्या घर्षणात, आणि जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणायला उरतो. ऑइलने घर्षण कमी झालं की तोच १०८ चा आकडा स्टडला कितीतरी जास्त ताणतो. हँडबुकातला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. तेव्हा नट काढल्यावर तारेचा ब्रश मारा, फडक्याने पुसा आणि कोरडेच लावा. अडलेला नट सोडताना गंजाचा स्प्रे मारायला हरकत नाही, मात्र परत बसवण्याआधी तो पूर्ण पुसून टाका आणि ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका. तुमच्याकडच्या पावसात चाक हबलाच चिकटून बसतं आणि नट काढले तरी निघत नाही, ही खरी अडचण आहे. त्यासाठी हबच्या मधल्या उंच कडेला, जिथे चाकाचं मधलं भोक बसतं तिथे, ग्रीसचा पुसटसा हात फिरवा. स्टडला नाही, नटाला नाही, चाक जिथे हबला टेकतं त्या सपाट भागालाही नाही.